नावाचं कडवं

माणूस कामानं दमतो त्याहून जास्त ऐकून दमतो, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. शाळेत होतो तोवर मी बोलायचो आणि पोरं ऐकायची. आता जालन्याच्या मस्तगडातल्या आमच्या दोन खोल्यांत मी खाटेवर पडून असतो आणि लोक फोनवरून बोलत असतात. त्यातही जुन्या गायन पार्टीच्या चाहत्यांचा जो ग्रुप आहे, त्याला तर उजाडायचा धीर नसतो. कुणी जुनी कॅसेट मोबाइलमध्ये भरून टाकतो. दुसरा म्हणतो, हा आवाज आपल्या गायकाचा न्हाईच, कुण्या नकल्याचा आहे. मग दुपारपर्यंत त्याच्यावर भांडण. उचलली जीभ, लावली टाळ्याला. ग्रुप सोडून द्यावा असं कितीदा ठरवलं, पण सोडला की सगळे फोन करून विचारणार, गुरुजी, का सोडला? त्यापेक्षा राहिलेलं बरं.

पार्टी म्हणजे भीमगीतं गाणारी आमच्या भागातली मंडळी. पुढं मुख्य गायक, शेजारी पेटी, ढोलकी आणि बेंजो, आणि मागं टाळ्या वाजवत धृपद उचलणारे तीन-चार जण. जयंतीच्या दिवसांत त्यांना भोकरदन-जालन्याच्या बाहेर, पार परभणी-नांदेडपर्यंत बोलावणं असायचं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्टेज, बांबूला आडवी बांधलेली ट्यूबलाइट आणि झाडावर कर्णा. कर्णा सुरू झाला की आजूबाजूच्या गावांतले लोक भाकरी हातात घेऊन निघायचे. आता त्या पार्टीतलं कुणी हयात नाही. गायक गेला, ढोलकीवाला गेला, बेंजोवाला तर सगळ्यांच्या आधी गेला. राहिलो आम्ही ऐकणारे आणि आमची मतं.

त्यांची बरीच गाणी माझ्या थोरल्या भावानं लिहिलेली. दादा जिनिंगमध्ये कामाला होता. चौथी शिकलेला. दिवसभर कापसाच्या धुळीत खोकायचा आणि संध्याकाळी सायकलवरून आमच्या गावी, हसनाबादला येता येता गाणी जुळवायचा. घरी आला की मला म्हणून दाखवायचा, कारण घरात शिकलेला मीच. मी मोठ्या शहाणपणानं दोन शब्द बदलायला सांगायचो, तो मान डोलवायचा आणि एकही बदलायचा नाही. त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं पाटीचं. रोजंदारीनं जाणारी एक आई पोराला शाळेत घालायचं म्हणून पाटी विकत आणते, एवढंच त्यात आहे. आमच्या वयाच्या कुणालाही रस्त्यात थांबवून विचारा, धृपद येणारच.

आमच्याकडं शेवटच्या कडव्यात लिहिणाऱ्याचं नाव आणि गाव घालायची रीत आहे. त्याला नावाचं कडवं म्हणतात. लिहिणाऱ्याचा फोटो पोस्टरवर नसतो, स्टेजवर त्याला कुणी बसवत नाही, तो आपला ट्रॉलीच्या मागं उभा असतो. त्याची सगळी कमाई म्हणजे ते एक कडवं. दादानंही पाटीच्या गाण्यात ते घातलं होतं. पुढं कॅसेटी निघाल्या तेव्हा भरणाऱ्यानं जागा पुरत नाही म्हणून सगळ्या गाण्यांची नावाची कडवी गाळून टाकली. म्हणजे ऐकायचं तर समोर बसूनच ऐकायचं. आणि समोर बसून ऐकणं माझ्या वहिनीच्या नशिबात कधी आलंच नाही.

बाहेरगावच्या कार्यक्रमांना त्या काळी घरच्या बाया जात नसत. आणि हसनाबादला कार्यक्रम असला की पार्टीचं जेवण आमच्या घरी. गाणारी माणसं गाऊन झाल्यावर जेवतात. भरल्या पोटी आवाज लागत नाही म्हणतात. वहिनी चुलीपुढं बसून लांबून कर्णा ऐकायची. शेवटच्या कडव्याला ढोलकी दुप्पट चालते. ती दुप्पट झाली की वहिनी तवा चढवायची, म्हणजे माणसं हात धुऊन बसेपर्यंत भाकरी गरम पडावी. तेव्हा नेमकं दादाचं नाव यायच्या वक्ताला तिच्या कानात भाकरी थापल्याचा आवाज. घरी दादाला म्हण म्हटलं तर तो लाजायचा. स्वतःचं नाव बायकोपुढं गाऊन दाखवायला मी काय येडा हाये का, म्हणायचा. मग दादा गेला. वहिनीनं नवऱ्याचं गाणं अख्खं ऐकलेलंच नाही, हे आमच्या घरात कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

ध्यानात आलं ते टीव्हीवाल्यांमुळं. एका चॅनेलनं आमच्या पार्टीला मानवंदना म्हणून दोन तासांचा कार्यक्रम ठेवला. ग्रुपवर त्याचं पोस्टर आलं आणि दिवसभर फोन खाली ठेवता आला नाही. मी हसनाबादला वहिनीला कळवलं. मला वाटलं होतं, बरं झालं म्हणेल आणि विषय संपेल. तिनं विचारलं, पाटीचं गाणं आहे का त्यात. म्हटलं, त्याच्याशिवाय कार्यक्रम होईल कसा? मग म्हणाली, नावाचं कडवं म्हणतील का? मी विचार न करता हो म्हणून बसलो.

"मंग ऐकते," वहिनी म्हणाली. "तुमचे दादा म्हनायचे, माझं नाव गावोगाव चाललंय. मला एकडाव कानानं ऐकायचं व्हतं."

मला ओशाळल्यासारखं झालं. म्हटलं, वैनी, ते कडवं मला पाठ आहे, आत्ताच सांगतो. तिनं मला तिथंच थांबवलं. राशनच्या दुकानात नावं पुकारतात तसं नको, म्हणाली. गाण्यातलं आहे, गाण्यातच ऐकते. माझा गळा कसा आहे ते तिला ठाऊक असल्यामुळं तूच गा, असं काही ती म्हणाली नाही.

त्या रविवारी दुपारीच एसटीनं हसनाबादला गेलो. गाडीत उभ्यानं जावं लागलं. आता गुडघे बोलतात, पण सांगणार कुणाला? घरी पोचलो तर माझ्या आधी कंडक्टर येऊन बसलेले. हे धावडा गावचे. एसटीतून निवृत्त झाले त्याला जमाना झाला, तरी सगळे त्यांना कंडक्टरच म्हणतात. पार्टीचा त्यांच्याएवढा चाहता नाही. नोकरीत असताना ड्युट्या बदलून घेऊन कार्यक्रमांना जायचे. स्वतःही बरं गातात. पार्टीची सगळी गाणी तोंडपाठ आहेत असं ते सांगतात, आणि दर भेटीत सांगतात. एकट्यानं बघण्यात मजा न्हाई म्हणून आलो, म्हणाले. म्हणजे मत ऐकवायला माणूस पाहिजे होता.

सातला कार्यक्रम लागायचा होता. तोवर गल्लीतली माणसं जमली. वहिनी टीव्हीच्या अगदी पुढं, डोक्यावर पदर घेऊन बसली. पोरानं घेऊन दिलेला तो टीव्ही ती एरवी लावतही नाही. चहा कुणी मागायचा नाही, झाल्यावर मिळेल, असं तिनं आधीच सांगून टाकलं.

कार्यक्रम लागला आणि कंडक्टर सुरू झाले. स्टेजवर बैलगाडीचं चाक टेकवलेलं, जागोजाग कंदील टांगलेले. आपल्या पार्टीनं कव्हा कंदील लावला व्हता, कंडक्टरांनी विचारलं. ट्यूबलाइट असायची, तिच्यावर किडे असायचे. मग काळे कोट घातलेले वादक दिसले. एवढे व्हायोलिनवाले कशाला, वरात हाये का? बेंजो कुठं गेला? बेंजो नव्हताच. त्या जागी एक पोरगं उभ्यानं कीबोर्ड वाजवत होतं. शेजारच्या बाईला गाणाऱ्या मुलीची साडी आवडली. दारात उभ्या असलेल्या तरण्या पोरांना ठेका आवडला. त्यांनी सांगितलं की जुन्या कॅसेटमध्ये नुसती खरखर असते, हे कसं साफ आहे. कंडक्टर त्यांच्यावर उखडले. खरखर म्हणजे काय कळतं तुम्हाला, म्हणाले, ती खरखर नव्हती, ती माणसं होती. मला दोघांचंही पटत होतं आणि दोघांचाही कंटाळा आला होता.

सूत्रसंचालक प्रत्येक गाण्याआधी लांबलचक बोलायचा. मातीचा सुगंध, लोकसंगीताचा ठेवा, असलं काहीबाही. पार्टी कशासाठी गात होती ते त्यानं एकदाही सांगितलं नाही. जाहिराती लागल्या की वहिनी मान वळवून माझ्याकडं बघायची आणि मी हातानं थांबा म्हणायचो. आता माझी मलाच खात्री वाटेना. हो म्हणून बसलो होतो ना.

पाटीचं गाणं शेवटून दुसरं आलं. एका मुलीनं गायलं. खरं सांगायचं तर फार सुरेख गायली. कंडक्टरसुद्धा गप्प झाले. आई पाटी पदराखाली झाकून आणते ते कडवं आलं तेव्हा माझे डोळे भरून आले, मी चष्मा पुसायचं निमित्त केलं. तिसरं कडवं झालं. आता चौथं, नावाचं. वहिनी गुडघ्यावर हात टेकवून आणखी पुढं सरकली.

मुलगी पुन्हा धृपदावर आली, हात वर केला आणि गाणं संपलं. लोक उभं राहून टाळ्या वाजवायला लागले. खाली पट्टीवर अक्षरं आली. वहिनीला अक्षरं येतात, पण लावून वाचेस्तोवर पट्टी जाते. तिनं विचारलं, काय लिहिलंय? मी म्हणालो, गाणाऱ्या मुलीचं नाव. कंडक्टरांना कुठला धीर. त्यांनी मोठ्यानं वाचलं, गीत, पारंपरिक.

"म्हंजी?" वहिनीनं विचारलं.

मी सांगितलं, म्हणजे फार जुनं, एका कुणाचं न्हाई, सगळ्यांचं.

"असं कसं कुनाचं न्हाई?" ती म्हणाली. "मंग न्हाईच आलं म्हना." आणि चहा ठेवायला उठली. शेवटचं गाणं तिनं बघितलं नाही. मला चहा नको होता, पण तिनं केलेला होता म्हणून प्यालो.

दुसऱ्या दिवसापासून मतांचा महापूर आला. मी जालन्याला परत आलो होतो, अंग ठणकत होतं आणि फोन वाजत होता. व्हायोलिन नको होतं. व्हायोलिननं उठाव आला. निवेदक बडबड्या. निवेदक चांगला, पण जाकिटाला टिकल्या कशाला? आपल्या गायकाच्या पोराला बोलवायला पाहिजे होतं. पोराला गाता कुठं येतं? मुलगी गोड गायली, पण या गाण्याला गोड आवाज चालत न्हाई, राग पाहिजे. सामन्याचं एक तरी गाणं घ्यायला पाहिजे होतं. दोन पार्ट्या समोरासमोर सवाल-जवाब करायच्या त्याची मजा या पोरांना काय कळणार. एकानं तर ढोलकीवाल्याची बोटं डाव्या हाताची चालली की उजव्या हाताची, यावर मला अर्धा तास धरून ठेवलं. मी प्रत्येकाचं ऐकून घेतलं आणि शेवटी प्रत्येकाला एकच विचारलं. पाटीच्या गाण्याचं शेवटचं कडवं गाळलं, ते लक्षात आलं का?

कोणतं कडवं, सगळ्यांनी विचारलं.

एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. टिकल्या दिसल्या, बोटं दिसली, कडवं गेलेलं दिसलं नाही. मला संताप आला. चॅनेलला फोन लावून बघितला. तिकडून मशीन बोलायला लागलं, हा आकडा दाबा, तो आकडा दाबा. दाबून दाबून दमलो आणि ठेवून दिला. मग कंडक्टरांना लावला. म्हटलं, तुम्हाला तर सगळी गाणी तोंडपाठ आहेत ना, मग शेवटचं कडवं म्हणून दाखवा. ते खाकरले. एक ओळ धरली, ती दुसऱ्याच गाण्याची निघाली. मग तीही सोडून दिली.

"गुरुजी," ते म्हणाले, "त्या टायमाला आपन समदे उठून उभे असायचो. बक्षीस द्यायला."

आणि मला डोळ्यांपुढं दिसलं. खरंच की. नावाचं कडवं सुरू झालं की लिहिणाऱ्याचा मान म्हणून बक्षीस द्यायचं, ही आमच्याकडची रीत. ढोलकी दुप्पट झाली की माणसं नोटा काढून स्टेजकडं निघायची. कुणी वर चढायचं, कुणी खालून हात लांब करायचं. गायक गाणं मधेच थांबवून देणाऱ्याचं नाव पुकारायचा, अमक्या गावचे तमके यांच्याकडून पार्टीला बक्षीस, आणि त्या नावाला टाळ्या पडायच्या. मग अर्धी ओळ, की दुसरं नाव. ज्याचा मान करायला सगळे उठायचे, त्याचं नाव तेवढं त्या गलक्यात जायचं. इतकी वर्षं हे आमच्या डोळ्यांदेखत चाललं होतं आणि एकालाही त्यात वावगं वाटलं नाही. चॅनेलवर चिडायचा मला काय अधिकार राहिला, असं वाटून मी खाटेवर आडवा झालो.

कंडक्टर मात्र पेटले. माणूस बोलका असला तरी मनाचा खरा आहे. म्हणाले, बिलकुल सोडायचं न्हाई, हसनाबादच्या विहारात आपणच कार्यक्रम करू, मी गातो, कडवं लिहून द्या, वैनींना समोर बसवू. माझी तयारी नव्हती. पुन्हा एसटी, पुन्हा गर्दी, पुन्हा मतं. शिवाय मनात धास्ती होती की आणखी एकदा ती बाई कान टवकारून बसायची आणि आणखी एकदा काहीतरी राहायचं. पण वहिनीला विचारलं तर ती एवढंच म्हणाली की दिवस कोणता तो सांगा. मग काय बोलणार. कडवं कागदावर लिहून कंडक्टरांना पाठवलं. त्यांनी फोनवर मला ते रोज म्हणून दाखवलं, आणि मी रोज ऐकलं.

कार्यक्रम दुपारी चारला ठेवला. विहारापुढं मांडव, खाली सतरंज्या, बायका एका बाजूला. पेटीला आणि ढोलकीला गावातलेच दोघे. धावड्याहून जीप भरून माणसं आली, जालन्याहून ग्रुपवाले आले. सगळ्यांना आपली चूक भरून काढायची होती. वहिनी पहिल्या ओळीत, पांढऱ्या लुगड्यात, हात मांडीवर. जेवण करायला तिला कुणी जाऊ दिलं नाही. गल्लीतल्या बायांनी मसालेभात टाकला होता. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आज तरी.

कंडक्टरांनी आधी चार-पाच गाणी घेतली. आवाज थकलेला, पण सुरात. मग पाटीचं गाणं. धृपदाला अख्खा मांडव त्यांच्याबरोबर गायला लागला. एक कडवं, दोन, तीन. आणि चौथ्याला ढोलकी दुप्पट झाली.

अख्खा मांडव उठला. काय सांगावं आता. धावड्याचे उठले, जालन्याचे उठले, म्हातारे एकमेकांना धरून उठले. ज्याचं नाव यायचं होतं त्याचा मान म्हणून उठले. आज तर खास दिवस, तेव्हा प्रत्येकाला बक्षीस द्यायचंच होतं. वहिनीच्या पुढून पायांची रांग लागली. कंडक्टरांनी गावाचं नाव घेतलं, पुढचा शब्द घेणार तोच कुणीतरी नोट पुढं केली, आणि ज्या माणसानं हा सगळा घाट घातला त्यानंच सवयीनं गाणं थांबवून पुकारलं, धावड्याचे अमुक अमुक यांच्याकडून बक्षीस. टाळ्या. मी ओरडणार होतो, थांबा म्हणून. हात वर केला तर माझ्याही हातात नोट.

मी खाली बघितलं. वहिनी तशीच बसलेली, पायांच्या गर्दीत. तिनं माझ्याकडं वर बघितलं आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग ती उठली. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. बायकांच्या बाजूचा गलका आधी थांबला, कारण ती गावात कधी चारचौघांत बोललेली नाही.

"बसा की समदे," वहिनी म्हणाली. "कव्हाची बसलेय मी."

आवाज मोठा नव्हता. पण पुढचे बसले, मग मागचे. नोटा पुढं केलेले हात खाली आले. कंडक्टरांचं तोंड उतरलं होतं. त्यांनी हातातली नोट पेटीवर ठेवली, ढोलकीवाल्याला हातानं थांब म्हटलं आणि माइक नीट धरला. नुसत्या गळ्यानं कडवं पुन्हा पहिल्यापासून घेतलं. कुणी खोकलंसुद्धा नाही. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीत हसनाबाद आलं आणि त्याच्या मागोमाग दादाचं नाव आलं. स्वच्छ. मग एक ओळ, आणि कडवं संपलं. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना, म्हणून कुणीच वाजवल्या नाहीत.

मी वहिनीजवळ जाऊन सतरंजीवर बसलो. ती खाली बघत होती. रडत नव्हती. मी विचारलं, आलं का ऐकू?

"आलं," ती म्हणाली. मग म्हणाली, "एवढंच व्हतं व्हय, भाऊजी?"

म्हटलं, एवढंच.

"मला वाटलं लय मोठं असंल. गावोगाव चाललंय म्हनायचे. मी म्हनायची, जाऊ द्या बाई, त्यान्चं नाव होऊन राह्यलंय. रातीच्या राती घरी एकलीनं काढल्या. आन् आलं तर डोळ्याचं पातं लवंस्तोवर गेलं."

माझ्या हातातली नोट मी खिशात सरकवली. आतून भरून आलं होतं आणि थकवाही आला होता, दोन्ही एकदम. कंडक्टर माइक धरून तसेच उभे होते, पुढं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. ते माझ्याकडं बघत होते आणि मी वहिनीकडं. तिनं पदर सारखा केला, मांडी बदलून नीट बसली.

"त्यान्ला म्हनावं, अजून एकडाव म्हना," ती म्हणाली. "कुठं येतं ते आता कळलं मला."